‘कोण?’ विचारायचं नाही

१

शुक्रवारी लाइट जाते, हे मुरबाडात कोणी कोणाला सांगत बसत नाही. सकाळी गेलेली लाइट दुपार कलल्यावर कधीतरी उगवते, आणि तोवर भाविकशेठची भाताची गिरण मुकाट उभी असते. एरवी त्या आवारात शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी लागून ओरडावं लागतं. शुक्रवारी पत्र्यावर नाचणाऱ्या चिमण्याही ऐकू येतात. म्हणून प्रणितचं काम शुक्रवारी, बॅटरीवर.

प्रणित आवाजाचा माणूस. हळदीच्या डीजेपासून सुरुवात केली, मालिकांच्या सेटवर माइकची काठी धरून हात दुखवून घेतले, आणि आता पस्तिशीला टेकताना पहिल्यांदा एका अख्ख्या पिक्चरचा आवाज त्याच्या हाती आला होता. पिक्चरचं नाव ‘माचीचं दार’. दिग्दर्शक शहापूरचा किशोर, एक तरी पिक्चर स्वतःच्या नावावर काढल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवून बसलेला. निर्माता भाविकशेठ, गिरणीचा मालक. मुंबईचा स्टुडिओ परवडेना, म्हणून त्याने मागचं गोदाम देऊन टाकलं. ते निघालं स्टुडिओच्या वरचढ. तिन्ही भिंतींना आढ्यापर्यंत भाताची पोती, आणि भात आवाज गिळतो. टाळी वाजवली तर ती हातातच मरते.

गोदामाच्या मधोमध दार उभं होतं. कुठलंसं जुनं घर पाडलं तेव्हा किशोरने घेतलेलं सागवानी दार, चौकटीसकट, भिंतीवाचून. शूटिंग संपलं होतं, पण आवाज खऱ्या लाकडावर आपटून यावा म्हणून प्रणितने ते ठेवून घेतलं होतं. त्याला त्या दिवशी एकच शब्द बोलायचा होता. पिक्चरमधल्या दारवानाचा चेहरा अगदी गडकोटातला होता आणि आवाज बँकेच्या मॅनेजरचा, तेव्हा आवाज प्रणितने द्यायचा असं ठरलेलं.

त्याने माइक लावला, दाराच्या फळीपाशी तोंड नेलं आणि म्हणाला, “कोण?”

मग जरा थांबला, कारण शब्दामागची शांतताही घ्यावी लागते. पुन्हा पुन्हा म्हणाला, पुन्हा पुन्हा थांबला. काही वेळाने दारापासून बाजूला झाला, पोत्यावर बसून डबा खाल्ला आणि हेडफोन लावून ऐकायला घेतलं.

पहिलं ‘कोण’ ठीक होतं, दुसरंही. तिसऱ्याच्या मागे, शांततेत, कोणीतरी म्हणालं, “मी.”

२

प्रणित घाबरला नाही, वैतागला. रेकॉर्डिंगला हजार गोष्टी घुसतात. त्याने एकदा मावळातल्या लढाईत इडलीवाल्याचा भोंगा पकडला होता. हा कोणीतरी हमाल असणार, फोनवर बोलत गोदामामागून गेला असणार.

तो मागे जाऊन बघून आला. गोदामाच्या मागे भाताच्या तुसाचा डोंगर होता आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हमाल सगळे पुढच्या ओट्यावर, लाइट येईपर्यंत आडवे झालेले.

आवाज बाईचा की पुरुषाचा, तेही कळत नव्हतं. लांबचाही नव्हता. लांबचा आवाज प्रणितला कळतो, त्याला कडा नसतात. याला कडा होत्या. फळीच्या पलीकडून कोणीतरी ओठ लाकडाला टेकवून बोलावं, तसा तो होता.

तो उठून दाराच्या पलीकडे गेला. पलीकडे मोकळी जमीन, मग पोती. दाराला या बाजूनेही कडी होती, कोयंडा होता, आणि बाकी काहीच नव्हतं. आपण काय शोधतोय ते कळून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने तेवढा तुकडा कापून टाकला आणि कामाला लागला.

३

गोष्ट मुळात प्रणितच्या घरची. डोळखांबच्या पुढे डोंगरात एक गड आहे. नाव सांगत नाही, सांगितलं की रविवारी ट्रेकवाल्यांच्या गाड्या लागतात. त्या गडाच्या दारावर आपले पूर्वज होते, असं प्रणितच्या घरचे म्हणतात. राजा कोण, फौज कुठल्या सुलतानाची, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. न बदलणारं एवढंच, की वेढा पडलेला, दार लावून घेतलेलं आणि रात्र पावसाळी. दारावर थाप पडली. दारवानाने विचारलं. बाहेरून त्याच्या बायकोचा आवाज आला, “मी.” त्याने दार किलकिलं केलं आणि ओलीचिंब बायको आत आली. तिला घेऊन तो खोपटावर गेला, तर आत बायको चुलीपुढे बसलेली. उजाडलं तेव्हा घरात एकच बाई होती. कोणती, ते गोष्टीत नाही. कूळ तिच्यापासून पुढे वाढलं.

त्या घराच्या दाराला तेव्हापासून कडी नाही. थाप पडली की ‘कोण’ म्हणून विचारायचं नाही, ‘ये’ म्हणायचं. गोष्ट सांगतानासुद्धा दारवानाने विचारलं त्या जागी आलं की सांगणारा तो शब्द तोंडातून काढत नाही. बोटाच्या पेराने जमिनीवर टकटक करतो आणि पुढे जातो.

हे सगळं प्रणितने किशोरला आटगाव स्टेशनबाहेर चहा पिताना सांगितलं होतं, बाकड्यावर टकटक करून. किशोरचा चहा तसाच राहिला. महिनाभरात पटकथा तयार झाली.

“पण ती टकटक पडद्यावर चालायची नाय,” किशोर म्हणाला होता. “आजच्या माणसाला सगळं कानात घालायला लागतं. प्रश्न ऐकू आला पायजे, उत्तर ऐकू आलं पायजे.”

भाविकशेठची अडचण निराळी होती. “दोन बायका, आणि खरी कुठली ते सांगायचंच नाय? पब्लिक मला गिरणीवर येऊन विचारेल, शेठ, काय झालं पुढे. मी काय सांगू? तांदूळ घेऊन जा?”

मग किशोरने शेवट बदलला. त्याचा दारवान हुशार. बाहेरून बायकोचा आवाज येतो, पण त्याला आठवतं की बायको तर आत आहे, चुलीपुढे. तो दार उघडत नाही. बाहेरची विनवते, रडते, पहाटेला निघून जाते. दारवान बायकोला जवळ घेतो.

आता खरं सांगायचं तर प्रणितने विरोध करायला हवा होता, घरची गोष्ट होती. पण त्याला तो शेवट मनापासून आवडला. लहानपणी ही गोष्ट ऐकली की तो आईकडे टक लावून बघत राहायचा. आपण कोणाची लेकरं, आतलीची की बाहेरचीची, या विचाराने त्याला झोप लागायची नाही. किशोरने दोन ओळींत तो घोर मिटवून टाकला, आणि प्रणितला पोटातून बरं वाटलं.

४

पुढच्या शुक्रवारी किशोर येऊन बसला. प्रणितचं ‘कोण’ त्याला पसंत पडेना. कधी म्हणे भीती कमी आहे, कधी म्हणे दरारा कमी आहे. प्रणित दारापाशी उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आपण तो शब्द किती वेळा उच्चारला, ते पुढे त्यालाही सांगता आलं नाही. जन्मभरात उच्चारला नव्हता तितक्या वेळा एवढं खरं.

ऐकायला बसले तेव्हा प्रत्येक ‘कोण’च्या मागे ‘मी’ होतं.

प्रणितने रेकॉर्डिंग थांबवलं. तो काही बोलणार, इतक्यात किशोरने त्याच्या पाठीवर थाप मारली. “आयला, हे कधी केलंस? मला बोलला नायस. कोण आहे ही पोरगी?”

“पोरगी?”

“मग काय? बाईचाच आवाज आहे. बघ ना, थकलेला, एकदम साधा. भूत बनायचा प्रयत्नच नाय करत. याला म्हणतात काम.”

प्रणितने पुन्हा ऐकलं. बाईचाच होता. गेल्या शुक्रवारी ते ठरवता येत नव्हतं, आज येत होतं.

“दादा, हे मी नाय घेतलंय,” तो म्हणाला.

“मग गिरणीने घेतलं,” किशोर हसला. “ठेव. डबिंगवालीचा दिवस वाचला, शेठला सांगतो. फक्त शेवटाकडे थोडा जवळ आला पायजे आवाज.”

शेवटाकडे तो जवळ आलेलाच होता. प्रणितने नंतर सगळे तुकडे ओळीने लावून पाहिले, आणि त्याला ते मान्य करावं लागलं. पहिला फळीच्या पलीकडचा होता. शेवटच्यात फळी नव्हतीच.

५

प्रणितचं बिऱ्हाड शहापूरला, एका नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, भाड्याने. बायको संजीवनी. कल्याणकडची, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते आणि सातवा महिना चालू होता. मधल्या वर्षांत दोन वेळा आशा लागून विरली होती, त्यामुळे आता दोघंही त्याबद्दल बोलताना आवाज लहान करत. पिक्चर गेला खड्ड्यात, बाकी काही न मिळालं तरी चालेल, हे एवढं नीट पार पडू दे, असं प्रणित मुरबाडला जाता-येता गाडीवर किन्हवलीचा रस्ता कापताना मनात म्हणायचा.

एका संध्याकाळी तो घरी आला तर संजीवनी म्हणाली, “मघाशी येऊन परत कुठे गेलेलास?”

“आत्ताच येतोय मी.”

“चल. दार वाजलं, मी आतून विचारलं कोण, तर ‘मी’ म्हणालास. माझे हात पिठाचे. धुऊन येतेय तोवर गेलास पण.”

“माझाच आवाज होता?”

“नवऱ्याचा आवाज ओळखता येत नाय का मला?”

प्रणित बूट काढत बसून राहिला. मग त्याने हिशेब मांडला, जसा कोणीही शहाणा माणूस मांडेल. बिल्डिंगीत पुरुष ढीगभर. आणि आपल्याकडची रीतच अशी, की ‘कोण’ विचारलं तर माणूस नाव सांगत नाही. ‘मी’ म्हणतो. जसं काही जगात मी एकटाच आहे. कोणीतरी चुकून भलत्या दारावर थाप मारली, ‘मी’ म्हणाला आणि चूक कळल्यावर गेला.

तरी रात्री जेवताना त्याने तिला सांगितलं, की यापुढे विचारू नकोस. सरळ ‘ये’ म्हण.

“आणि कडी?” तिने विचारलं. तिला घरची गोष्ट ठाऊक होती, लग्नात सासरच्या बायकांनी सांगितलेली. “कडी पण काढून टाकू? चोर आला तर त्याला पाट मांडते, बस म्हणते, आमटी गरम आहे.”

प्रणितला हसू आलं. पण तिने त्याचं ऐकलं. पुढच्या काही दिवसांत दूधवाला असो, शेजारीण असो, ती आतून ‘ये, ये’ म्हणायला लागली. मग तिला ते आवडायलाच लागलं. बरं वाटतं रे, म्हणाली, आलेल्याला आधीच आत घेतल्यासारखं.

६

रविवारी तो आत्याकडे गेला. बाईजाआत्या पाड्यावरच्या जुन्या घरात एकटी राहते. त्या दाराला पुढे धोंडा लावलेला, वाऱ्याने लागू नये म्हणून. पडवीत नाचणी पसरलेली होती आणि आत्या सूप घेऊन बसली होती.

बाहेर उभं राहून त्याने चौकटीवर थाप मारली.

“ये,” आत्या मान वर न करता म्हणाली. मग त्याला बघून, “तू हायस व्हय. बस. बायको कशी हाय?”

बरी आहे, तो म्हणाला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्याने सांगून टाकलं. पिक्चर, गोदाम, दार. आवाजाचं सांगितलं, संध्याकाळच्या थापेचं सांगितलं. आत्याचं सूप थांबलं नाही.

“सबूद तोंडानं बोललास?”

“बोललो.”

“किती येळा?”

“लय वेळा, आत्या.”

आत्या रागावली नाही. ते त्याला जास्त लागलं.

“आता काय करायचं?”

“काय करनार. थाप पडली तर दार उघडायचं. ये म्हनायचं.”

“आणि दोघी झाल्या तर?”

“झाल्या तं झाल्या. भात जास्ती टाकायचा.”

प्रणित बघत राहिला. “मग आपल्या त्या दारवानाने एकीला का घालवलं?”

“त्यानं इचारलेलं ना,” आत्या म्हणाली. “इचारलं का मंग निवडायला लागतं.” आणि तिने सुपातला कोंडा अंगणात पाखडला. निघताना तिने त्याला संजीवनीसाठी नाचणीची पुरचुंडी बांधून दिली.

परतीच्या रस्त्यावर त्याने विचार केला. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ते, ऐकायला गोड, उपयोगाचं नाही. दोन बायका घरात घेऊन कोणी संसार करत नाही. त्यापेक्षा किशोरचं सरळ होतं. दार उघडलंच नाही तर दोन होतीलच कशा? मूळची चूक विचारण्याची नव्हे, उघडण्याची. हे त्याला इतकं स्वच्छ पटलं, की शहापूरला पोचेपर्यंत तो शीळ घालत होता.

७

काम संपत आलं. आवाज, वारा, पाऊस, घोडे, सगळं एकमेकांत बसवायचं शेवटचं काम प्रणित घरी करायचा. शेवटचा प्रसंग त्याने इतक्या वेळा पाहिला, की आता तोच खरा आणि लहानपणी ऐकलेला खोटा वाटू लागला होता. दारवान विचारतो. बाहेरची उत्तर देते. दारवान वळून चुलीकडे बघतो, तिथे बायको बसलेली असते, भेदरलेली. बाहेरची भेदरलेली नसते, नुसती थकलेली असते. त्यावरून तो ओळखतो.

मंगळवारी सकाळी तो प्रसंग लावून बसला असताना बाहेरची म्हणाली, “मी,” आणि प्रणितने चटकन मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, संजीवनीने हाक मारली.

ती आंघोळीला गेली होती.

त्याने पुन्हा लावलं. सर्दीने भरल्यासारखा, शेवटी किंचित ओढलेला तो ‘मी’ संजीवनीचा होता. सहा वर्षं ज्या आवाजाने त्याला उठवलं, झापलं, समजावलं, तो होता. ती मुरबाडच्या गोदामात एकदाही आलेली नव्हती. त्याला भीती वाटली, आणि या वेळी त्याने त्या भीतीला दुसरं नाव दिलं नाही.

संजीवनी केस पुसत आली तेव्हा त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला. ती ऐकून म्हणाली, “छान आहे. कोणाचा आवाज आहे?”

“तुझ्यासारखा नाही वाटत?”

“माझा असा आहे? काहीतरीच.” तिने हेडफोन परत दिला. स्वतःचा आवाज कोणालाच ओळखू येत नाही, हे आवाजाच्या धंद्यात रोज दिसतं.

त्याने किशोरला फोन करून सांगितलं, तो आवाज काढू, दुसरी कोणी घेऊ. किशोर म्हणाला, “वेडा झालास काय? शेठने चार लोकांना तो प्रसंग दाखवला. चौघंही म्हणाले, दार उघडलं असतं तर संपलंच होतं. लोकांना नेमकं पायजे ते मिळालंय, प्रणित. हात नको लावू.”

त्याने हात लावला नाही.

८

शेवटी सगळं एकदा सलग ऐकून शेठला पाठवायचं होतं, तो शुक्रवार निघाला. शहापूरलाही लाइट गेलेली. प्रणित बाहेरच्या खोलीत लॅपटॉपच्या बॅटरीवर, कानाला हेडफोन लावून बसला होता. खिडकीतून ऊन येत होतं. मध्ये एकदा संजीवनी हातात पिशवी घेऊन समोर येऊन काहीतरी बोलली. पडद्यावर वेढा पडत होता. त्याने मान हलवली. ती गेली.

शेवटचा प्रसंग संपला, नावं वर सरकू लागली, तेव्हा त्याला हेडफोनच्या बाहेरून काहीतरी ऐकू आलं. त्याने तो काढला.

स्वयंपाकघरात विळीचा आवाज चालू होता. खच, खच, खच. कोबी असावा.

दारावर थाप पडली. लाइट नव्हती, तेव्हा बेल वाजणार नव्हतीच. त्याने हे स्वतःला समजावून सांगितलं.

“कोण आहे रे?” संजीवनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“मी,” दाराबाहेरून संजीवनी म्हणाली. “अरे उघड.”

विळी थांबली.

प्रणित उठला. दारापर्यंत चार पावलं असतील, ती त्याने आवाज न करता टाकली आणि दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेर संजीवनी उभी होती. हातात कापडी पिशवी, दुसरा हात कमरेवर, कपाळाला घामाने केस चिकटलेले. भिंगामुळे पोट जास्तच मोठं दिसत होतं. ती घाबरलेली नव्हती. दमलेली होती.

त्याने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात संजीवनी उभी होती. दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले, चेहरा पांढराफटक. “प्रणित,” ती पुटपुटली, “कोण आहे ते?”

आत्याचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. ‘ये’ हा शब्द जिभेपर्यंत आलाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती भेदरलेली बाई होती, आणि भेदरलेली तीच खरी, हे तो महिनाभर रोज पाहत आला होता. तिच्या पोटात त्याचं मूल होतं. एका उघड्या दारापायी ते पणाला लावायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने हात वर नेला आणि वरची कडीसुद्धा सरकवली.

“आम्हाला काही नको,” तो दाराला म्हणाला. विक्रेत्यांना म्हणतात तसं.

बाहेरून हसल्याचा आवाज आला. “पुरे चेष्टा. पाय सुजलेत माझे, उघड.”

त्याने कडीवरचा हात काढला नाही.

“प्रणित?” मग पुन्हा, “प्रणित, काय झालं? उघड ना.” तळहाताने दारावर थोपटल्याचा आवाज आला. हळूहळू तो खाली खाली येत गेला, जशी कोणी दाराला टेकून बसत असावी. समोरच्या फ्लॅटला कुलूप होतं, वरची माणसं कामावर. ती मोठ्याने रडली नाही. एकदा म्हणाली, “मी काय केलं?” तेवढंच, आणि तेही त्याला विचारल्यासारखं नाही.

प्रणित दाराला पाठ लावून बसला होता. फळीतून तिच्या श्वासाची धग लागतेय असं त्याला वाटलं. आतली संजीवनी जागची हलली नव्हती.

मग धग गेली. तो कान देऊन ऐकत राहिला. चपलांचा आवाज आला नाही, जिन्यात नाही, फरशीवर नाही. कोणी माणूस चालत गेला असता तर चपला वाजल्या असत्या, आणि वाजल्या असत्या तर त्याने ऐकल्या असत्या. त्याला हायसं वाटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. किशोर बरोबर होता. नाही उघडलं, की जातं.

“गेली?” संजीवनीने विचारलं.

“गेली,” तो म्हणाला.

ती हळूच त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली. विळीचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने लाइट आली, पंखा फिरायला लागला, शेजारच्या गल्लीत कोणाचा तरी टीव्ही बोलू लागला. सगळं इतकं रोजचं झालं, की आता दार उघडायला हरकत नव्हती. प्रणितने दोन्ही कड्या काढल्या.

पायरीवर संजीवनीच्या चपला होत्या. घरात शिरताना ती नेहमी काढून ठेवायची तशा, भिंतीशी, जोडीने. सुजलेल्या पायांसाठी पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले होते.

तो खाली बसला आणि त्याने एकीत हात घातला. चप्पल अजून गरम होती.

गल्ली कोपऱ्यापर्यंत रिकामी होती. दुपारच्या उन्हात सिमेंटचा रस्ता भाजत होता, त्यावर अनवाणी कोणी किती लांब जाणार? त्याने तोंड उघडलं, आणि तिथेच बसल्या बसल्या, रस्त्याकडे बघत, होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली.

“संजीवनी!”

“ओ,” घरातून उत्तर आलं. “चहा टाकतेय.”